एका चांदणीचा हिशेब

गेल्या रविवारी संडे स्कूलच्या छोट्या गटासमोर माझी उलटतपासणी झाली. कारण एक चांदणी. सोनेरी, चिकटवायची, स्टेशनरीच्या दुकानात पाकिटाने मिळते ती. बायबलातलं वचन पाठ केलं की तक्त्यावर एक लागते.

तपासणारे म्हणजे एका पोराचे आजोबा, नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले. ज्यानं हयातभर बंडलं मोजली, त्याच्या तावडीत पाठांतराचा तक्ता सापडला. चष्मा कपाळावर, बोट तक्त्यावर.

"जय ख्रिस्त, टीचर. आमच्या चिरंजीवांची एक चांदणी शॉर्ट आहे."

"आजोबा, त्यानं वचन पाठ केलं नव्हतं."

"म्हटलं की! येशू रडला."

"तेच तर दर रविवारी म्हणतो."

"का, योहान 11:35 बायबलात नाही?"

आहे, दुर्दैवानं. दोन शब्दांचं वचन आहे आणि कामचुकार पोरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा आधार आहे.

"वचनात किती शब्द हवेत याचा काही जीआर निघालाय का? बरं, आज काय शिकवलंत?"

"जक्कय." म्हणजे लोकांना लुबाडणारा तो बुटका जकातदार, येशूला बघायला उंबरावर चढलेला.

"त्यानं लुबाडलेलं किती पट परत केलं?"

"चौपट," मी म्हणाले आणि तोंडातून शब्द गेल्यावर कळलं.

"मग काढा चार चांदण्या!"

पोरं खदखदून हसली. पाळकसाहेब दारातून आत डोकावले आणि काही काम आठवल्यासारखे निघून गेले. चार चांदण्या गेल्या. त्या आजोबांनी स्वतः चिकटवल्या, एका रेषेत.

मला राग चांदण्यांचा नाही. चांदणीवर वचन पाठ करणारं पोर चांदणी थांबली की वचनही थांबवतं, हे कुठलीही संडे स्कूलवाली सांगेल. चार-पाच वर्षांच्या मुलाला सहा-आठ शब्दांचं वचन पुरतं. ते फळ्यावर लिहायचं, सगळ्यांनी मोठ्यानं म्हणायचं, मग एक शब्द पुसायचा, पुन्हा म्हणायचं, पुन्हा एक पुसायचा. फळा कोरा होतो तोवर वचन तोंडात बसलेलं असतं. ज्यांना अजून वाचता येत नाही त्यांच्यासाठी शब्दाच्या जागी चित्र काढायचं. गोष्ट सात मिनिटांच्या वर नेली की कुणाला तरी शू लागते, आणि एकाला लागली की सगळ्यांना लागते. जक्कय शिकवताना उंबराचं झाड म्हणून खुर्ची ठेवावी, स्टूल अजिबात नको. स्टूल कलंडतं, आणि मग जक्कयाच्या आईला फोन करावा लागतो.

जेवणाआधीच्या प्रार्थनेचंही तसंच. आधी हात धुणं, मग बसणं, मग एका ओळीची प्रार्थना आणि त्यानंतर ताट. ताट आधी आलं की "आमेन" पहिल्या घासाबरोबरच गिळलं जातं. सवय ही आधीच्या सवयीच्या शेपटाला बांधावी लागते. एकटी सोडली तर राहत नाही. दानाचं नाणंही चर्चच्या गेटवर स्कूटर स्टँडला लावता लावता पोराच्या मुठीत कोंबून उपयोग नाही. शनिवारी रात्री त्याच्याच डब्यातून त्याला काढू द्यावं. तीन वर्षांच्या आतलं असेल तर नाण्यावर नजर ठेवावी, कारण ते दानपेटीत जाण्याआधी तोंडात जातं.

पण हे सगळं घरी व्हायला हवं. आठवड्याचे तास 168, त्यातला माझ्या वाट्याला एक, आणि त्यातही हे चिरंजीव अर्धा तास उशिरा येतात, विस्कटलेल्या केसांनी, हातात कुरकुऱ्यांचं पाकीट. इंग्लंडात ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्सनं 1780 साली संडे स्कूल काढलं तेव्हा पोरं बाकीचे सहा दिवस कामाला जुंपलेली असायची. त्याची अट काय, तर हात-तोंड धुतलेलं आणि केस विंचरलेले. तोही छापखान्याचाच माणूस, पण त्यानं चांदण्या मोजल्याचं ऐकिवात नाही. घरच्यांचं म्हणणं, "टीचर, तुमचं तो ऐकतो, तुम्हीच सांगा त्याला दात घासायला." म्हणजे दात मी, प्रार्थना मी, खोटं बोलू नये हेही मीच. आणि घरी फोन वाजला की आजोबाच पोराला सांगतात, "सांग, आजोबा घरी नाहीत." नववी आज्ञा मी रविवारी शिकवायची आणि यांनी सोमवारी खोडायची. फुकटची चाकरी आहे ही. खडूसुद्धा मी घरून आणते.

एवढ्यावर मिटलं असतं. पण निघताना आजोबांनी नाताळच्या नाटकाची यादी वाचली. नातू मेंढरू.

"याला मागी करा." म्हणजे बाळ येशूला भेटी घेऊन आलेल्या पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांपैकी एक.

"मागी तीन झाले, आजोबा."

"तीनच होते असं मत्तयाच्या शुभवर्तमानात कुठे लिहिलंय? भेटी तीन आहेत. माणसं मोजलेली नाहीत."

मी तिथल्या तिथे मत्तयाचा दुसरा अध्याय काढला. म्हातारा बरोबर होता. मोजणीच्या बाबतीत हा माणूस चुकत नाही, हीच तर अडचण आहे. शेजारी उभ्या आयांनीही ते ऐकलं. आता माझ्याकडे सात मागी आहेत, मुकुटाचा सोनेरी कागद तिघांपुरताच, आणि मेंढरू एकही नाही.