परत तेच, वेळ जुळत नाही!

सोमवार उजाडला की अकाउंट्समधून फोन ठरलेला: "अहो, शेअर फोल्डर उघडत नाहीये." पासवर्ड बरोबर, केबल बरोबर. कुणीतरी मोबाइल बघून पीसीची वेळ हाताने बदललेली, आणि सर्व्हर सात मिनिटं मागे! कर्बेरॉस (लॉगिन करणाऱ्याची ओळख तपासणारी यंत्रणा) पाच मिनिटांपलीकडचा फरक खपवून घेत नाही, हे किती वेळा सांगायचं? मूळ दुखणं वर आहे. पीडीसी एम्युलेटरला, म्हणजे ज्याच्या वेळेवर बाकी सगळे चालतात त्या मुख्य सर्व्हरला, वेळेचा सोर्स विचारला तर उत्तर 'लोकल सीमॉस क्लॉक'. म्हणजे मदरबोर्डवरच्या घड्याळाच्या भरवशावर अख्खं ऑफिस! बाहेरून बरोबर वेळ घेता यावी म्हणून फायरवॉलवर यूडीपी १२३ (वेळ जुळवण्याचा पोर्ट) उघडा म्हणून मेल टाकून टाकून थकलो. सर्ट-इनने (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २०२२ मध्येच एनआयसी (राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) सर्व्हरशी वेळ जुळवायला सांगितलंय, तरी व्हेंडरचं आपलं "बघतो". उद्या कुणी आत घुसलं, तर लॉगमध्ये (सिस्टिमच्या नोंदींमध्ये) आधी काय घडलं नि नंतर काय, हे कशावरून ठरवायचं?