बेबी ऑफ सुजाता

आमचे चिरंजीव यंदा नववीत. डिसेंबरात शाळेचा कॅम्प जाणार रतनगडला आणि त्यासाठी शाळेतून एक फॉर्म आला, पहिल्या पानावर पैसे किती भरायचे ते आणि दुसऱ्या पानावर मेडिकल. उंची, वजन, बीपी, डोळे, दात, कुठल्या लसी झाल्यात आणि सगळ्यात खाली डॉक्टरची सही आणि शिक्का. शिक्का नाही तर पोरगं नाही, विषय संपला. पैशाचं पान बघून माझा चेहरा पडला, मेडिकलचं बघून त्याचा.

"शर्ट काढायला लावतात का?" त्याने विचारलं. विचारताना तो फ्रीजमध्ये डोकं घालून उभा होता, म्हणजे मला तोंड दिसायला नको. हल्ली आमच्याकडचे सगळे महत्त्वाचे संवाद फ्रीजच्या दाराआडून होतात.

चौदा वर्षाचं पोरगं म्हणजे काय हे ज्यांच्या घरी आहे त्यांना सांगायला नको. आवाज मधेच फाटतो, ओठावर कोथिंबीर पेरल्यासारखी मिशी, पायात माझ्यापेक्षा एक नंबर मोठी चप्पल, आणि कुणी जरा निरखून बघितलं की साहेब हुडीत शिरतात. मे महिन्यात पण हुडी. डोंबिवलीत.

सुजाता, म्हणजे आमची बायको, मला बाजूला घेऊन म्हणाली, "हे बघ, तू त्याला काही समजवायला जाऊ नकोस. नुसतं घेऊन जा आणि घेऊन ये." तिला त्या दिवशी ऑफिसात ऑडिट होतं म्हणून हे काम माझ्याकडे आलं होतं, नाहीतर आलं नसतं. पण बापाचं मन, म्हणलं पोराला जरा धीर द्यावा, आपल्या लहानपणीचं काहीतरी सांगावं.

तर मी त्याला आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतली तपासणी सांगितली. साल १९८८, मी चौथीत. आरोग्य केंद्राचे डॉक्टर यायचे, व्हरांड्यात अख्ख्या वर्गाची रांग, शर्ट काढून खांद्यावर टाकलेला, आणि सगळ्यांच्या बरगड्या अशा की पाढे म्हणायला मणी मोजावेत. जीभ काढ, पापणी खाली ओढ, पोटावर दोन टिचक्या, छातीला तो गारढोण स्टेथोस्कोप, आणि शेजारी टेबलावर गुरुजी रजिस्टर घेऊन बसलेले, ते प्रत्येकाचं वजन लिहायच्या आधी सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडायचे. माझं आलं २६. "सव्वीऽऽस! पुढचा!" तिथून सातवीपर्यंत माझं नाव सव्वीस. गावी अजून एक जण मला सव्वीस म्हणतो, आणि आता मी ८१ आहे.

हे सांगून मी खूप हसलो. पोरगं हसलं नाही.

"म्हणजे वजन मोठ्याने सांगतात?" तो म्हणाला. तोपर्यंत त्याला बिचाऱ्याला फक्त शर्टाची काळजी होती.

मग डॅमेज कंट्रोल म्हणून मी त्याला सांगितलं की आता तसं नसतं रे. पण तेवढ्यात माझ्या बहिणीचा फोन आला, ती संगमनेरकडे शाळेत शिक्षिका आहे, आणि स्पीकरवर ती आनंदाने म्हणाली की २०१३ पासून ते राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झालंय ना, त्यांची गाडी येते आमच्याकडे डॉक्टरांना घेऊन, अठरा वर्षापर्यंतच्या पोरांची फुकट तपासणी, लई चांगलं काम आहे, काही सापडलं तर पुढे पाठवतात पण, फक्त गाडी फाटकातून आत आली की सातवी-आठवीतली निम्मी पोरं मागच्या कुंपणावरून बाहेर. पोराने माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं असणार की आपणच एकटे कुंपण नसलेल्या बिल्डिंगमध्ये राहतो.

शेवटचा प्रयत्न म्हणून मी इतिहासाकडे वळलो. स्टेथोस्कोपचा जन्मच मुळात लाजेतून झालाय हे मला माहिती होतं. १८१६ साली पॅरिसला लाएनेक म्हणून एक डॉक्टर होता, त्याच्याकडे हृदयाचा त्रास असलेली एक तरुण बाई आली. तोपर्यंत पद्धत अशी की सरळ छातीला कान लावायचा. आता कसा लावणार, तर त्याने कागदांची गुंडाळी करून नळी बनवली आणि लांबून ऐकलं, आणि बघतो तर काय, कानाने ऐकू यायचं त्यापेक्षा स्पष्ट. त्या संकोचातून दोनशे वर्षं डॉक्टरांच्या गळ्यात पडलेली ती नळी आली. म्हणजे बघ, मी म्हणलं, लाज वाटणं काही वाईट नाही.

त्यावर तो जरा विचार करून म्हणाला, "पण बाबा, त्यात डॉक्टर लाजला. पेशंटला कुणी विचारलंच नाही." आणि खोलीत निघून गेला. नववीत तर्कशास्त्र शिकवत नाहीत, हे कुठून आलं काय माहीत. (आईकडून.)

तर शनिवारी संध्याकाळी आम्ही गेलो. डॉक्टर त्याच जुन्या, जन्मल्यापासूनच्या. बालरोगतज्ज्ञ म्हणजे फक्त बाळांचे असं लोकांना वाटतं पण अठरापर्यंत तेच बघतात. अडचण एवढीच की अठराव्या वर्षाला शोभेल असं तिथे काहीही नसतं. भिंतीवर जिराफ, छताला लटकणारे ढग, आणि बसायला प्लास्टिकच्या हत्तींच्या खुर्च्या. मोठ्या खुर्च्या आया-आज्यांनी भरलेल्या, त्यामुळे आमचा हा हुडी घालून, गुडघे हनुवटीला टेकवून, एका निळ्या हत्तीवर बसला. शेजारच्या गुलाबी हत्तीवर एक दीड वर्षाची बाई बिस्कीट चोखत होती, तिने ते त्याला देऊ केलं. त्याने चक्क घेतलं. नाही म्हणायचं तर बोलावं लागलं असतं आणि आवाज कुठला निघेल याची खात्री नाही.

आणि मग रिसेप्शनवरच्या ताईंनी जुनी फाईल काढली. जन्माच्या दिवशी उघडलेली, तेव्हा नाव कुठलं ठेवलेलं असणार, हॉस्पिटलात आईच्याच नावाने लिहितात. ताई खणखणीत आवाजात ओरडल्या, "बेबी ऑफ सुजाताऽऽ! बेबी ऑफ सुजाता कोण आहे?"

सगळ्या आयांनी आपापली मांडीवरची गाठोडी चाचपली. आणि कोपऱ्यातल्या हत्तीवरून पाच फूट चार इंचाची, मिशी फुटलेली बेबी उठून उभी राहिली.

मला खरं सांगायचं तर तिथेच पळून जावंसं वाटलं, त्याला काय वाटलं असेल. पण आत गेल्या गेल्या मॅडमनी पहिली गोष्ट काय केली, तर फाईलीवरचं ते नाव पेनने खोडलं आणि त्यालाच विचारलं, "पूर्ण नाव सांग तुझं, काय लिहू?" आणि त्याच्याकडेच बघून पुढचं सगळं विचारायला लागल्या. मी दोन-तीनदा उत्तरं दिली, भूक कशी, झोप कशी, तर त्यांनी माझ्याकडे न बघता हात वर केला, ट्रॅफिक पोलीस करतात तसा.

वजन झालं. ओरडलं कुणी नाही, त्यांनी काट्यावर बघितलं आणि गुपचूप लिहिलं. मग उंची. भिंतीला पाठ, टाचा चिकटवून, आणि ती वरची पट्टी डोक्यावर. केस असे फुगवून आणले होते की पट्टी आधी केसांवरच थांबली, मॅडमनी दाबून खाली घेतली, १६४. "अजून वाढशील," म्हणाल्या, "अंदाज काढू या का? आईची उंची?" १५६. "बाबांची?"

मी म्हणलं, "१७०."

हे माझ्या तोंडून आपोआप येतं. लग्नाच्या बायोडेटात पाच सात लिहिलं होतं, काकांनी सांगितलं होतं सगळे दोन इंच वाढवूनच लिहितात, तू खरं लिहिलंस तर लोक त्यातून दोन वजा करतील. तिथून मी पाच सातच आहे. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "या, उभे राहा." चपला काढायला लावल्या. पोरगं पुढे झुकून पट्टीचा आकडा बघत होतं, आठवड्यात पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर जीव आला. १६६.

हिशोब सोपा असतो, आईबापाच्या उंचीची बेरीज, मुलगा असेल तर त्यात १३ मिळवायचे आणि निम्मे करायचे. आले १६७.५, आणि त्याच्या आठ-एक सेंटिमीटर इकडेतिकडे होऊ शकतं. माझ्या आकड्याने १६९.५ आले असते. म्हणजे पोराचे दोन सेंटिमीटर माझ्या बायोडेटाने खाल्ले. त्याने तिथल्या तिथे आईला मेसेज टाकला, "बाबा १६६ आहे." ऑडिटमधून उत्तर आलं, "मला साखरपुड्यालाच कळलं होतं." सोळा वर्षं, सोळा वर्षं ही बाई गप्प होती.

मग बीपी. पाठ टेकून, पाय जमिनीला, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पाच मिनिटं शांत बसायचं आणि बोलायचं नाही. तो बोलत नव्हताच. मी बोलत होतो. "रिलॅक्स. खांदे सोड. श्वास घे. अरे एवढा नको घेऊस. काही होत नाही, नुसतं आवळतं." १३४ वर ८४. या वयाला वरचा आकडा १२० च्या आत हवा म्हणे. माझ्या पोटात गोळा आला पण मॅडम म्हणाल्या, थांबा, एका आकड्यावर काही ठरवत नाहीत, परत घेऊ.

मग त्याला सरळ उभं करून म्हणाल्या, "आता दोन्ही हात जोड आणि अंगठे धरायला वाकतोस तसा वाक."

आमच्या पिढीला हे वाक्य ऐकून काय होतं ते मी सांगत नाही. माझी स्वतःची पाठ आपोआप कडक झाली. आमच्याकडे अंगठे धर म्हणलं की पुढे पाठीवर गुरुजींची छडी किंवा डस्टर ठेवलं जायचं, पडलं तर पहिल्यापासून. इथे मॅडमनी नुसतं मागून बघितलं, पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा वर येते का, मणका वाकडा होत असेल तर असं कळतं, आणि उंची भराभर वाढायच्या या वयातच ते वाढतं. सरळ आहे म्हणाल्या. मी विचारलं, माझी बघता का? नाही म्हणाल्या.

आणि मग त्यांनी त्याला विचारलं, "पुढची तपासणी आणि थोड्या गप्पा. बाबा आत हवेत की बाहेर? तू सांग."

"बाहेर."

इतक्या लवकर आलेलं उत्तर मी त्याच्याकडून दोन वर्षात ऐकलं नव्हतं. आणि आवाजही न फाटता. दार लागता लागता मॅडमचं एवढंच ऐकू आलं की आपण बोलू ते इथेच राहील, जिवाला धोका आहे असं काही वाटलं तरच घरी सांगावं लागेल, आणि कुठलीही तपासणी करायच्या आधी मी सांगेन काय करणार आणि का, नको वाटलं तर थांब म्हणायचं.

मी बाहेर येऊन बसलो. निळ्या हत्तीवर, दुसरी जागा नव्हती. बिस्कीटवाली बाई माझ्याकडे बघत होती, मला काही दिलं नाही. दाराला कान लावावा असं फार वाटत होतं, आणि ताईंच्या टेबलावर कागद पण होते, गुंडाळी झाली असती. वीस मिनिटं झाली. दोनदा आतून हसण्याचा आवाज आला. एकदा मॅडमचा आणि एकदा त्याचा, तो जुना खिदळल्यासारखा. काय बोलत असतील? फोनबद्दल? मार्कांबद्दल? माझ्याबद्दल? त्या वीस मिनिटात माझं बीपी कुणी घेतलं नाही हे बरं झालं.

मला परत आत बोलावलं तेव्हा साहेब हुडी काढून, मांडीवर ठेवून, पाय हलवत बसले होते. "परत घेतलं बीपी," मॅडम म्हणाल्या, "११६ वर ७४. एकदम छान. काही जणांचं डॉक्टरचा पांढरा कोट बघून वाढतं." मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "याचं चौकड्याच्या शर्टाने वाढतं."

फाईलीत दहाव्या वर्षीचं धनुर्वाताचं इंजेक्शन राहिलेलं सापडलं. तेव्हा कोरोना चालू होता, कोण जातंय. ते दिलं. त्याने दुसरीकडे बघितलं आणि संपलं, तोंड मीच वाकडं केलं. सही झाली, शिक्का बसला, शिक्क्यावर सशाचं चित्र होतं पण तो काही बोलला नाही.

येताना स्टेशनबाहेर वडापाव खाल्ला. मी अगदी सहज, वड्याकडे बघत, विचारलं, "काय काय विचारलं रे मॅडमनी?"

"काही नाही. जनरल."

"जनरल म्हणजे?"

"जनरल म्हणजे जनरल, बाबा. मिरची दे."

रात्री सुजाता आली तेव्हा तो पेन्सिल आणि कंपासमधली पट्टी घेऊन किचनच्या चौकटीपाशी उभा होता, जिथे त्याच्या दर वाढदिवसाच्या खुणा आहेत. स्वतःची १६४ ची रेघ मारून झाली होती.

"बाबा, इकडे ये. चपला काढून."

मी उभा राहिलो. त्याने पट्टी डोक्यावर ठेवली, केस दाबले, जे काही थोडेफार आहेत ते, आणि रेघ मारून शेजारी लिहिलं, "बाबा (खरी)."