फोटो काढा, बसमध्ये बसा!

ठाण्याहून लाखो रुपये मोजून आपण युरोपच्या टूरवर नेमके कशाला आलो? इटलीतल्या पॉम्पेईत सन 79 मध्ये राखेखाली गाडलं गेलेलं अख्खं शहर समोर, दगडी रस्त्यात गाड्यांच्या चाकोऱ्या अजून दिसतायत, आणि काकांचा प्रश्न काय? "चहा कुठे मिळेल?" मामींना सगळं "पडकंच" वाटतं. अहो मामी, ज्वालामुखीनं गाडलंय, बिल्डरनं रिडेव्हलपमेंटला नाही काढलं! फ्रान्समधल्या व्हर्साय राजवाड्याच्या आरसेमहालात 357 आरसे. आमच्या मंडळींनी बहुतेक प्रत्येकात केस सारखे केले. छतावर चित्रकार ल ब्रूनची चित्रं आहेत, एकानं तरी मान वर करावी? तेवढ्यात टूर मॅनेजर ओरडतो, "चला, चला, बस!" कशासाठी? तर पनीर थंड होतंय. घोडबंदर रोडला पनीर संपलं होतं का?