'म्हातारी झाडं तोडा' म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

हा मेसेज मला आठवडाभरात चार ग्रुपवर आला आणि चारही वेळा मी सोडून दिला. काल भाचीचा फोन आला. तिने शाळेतल्या भाषणासाठी तोच मजकूर जसाच्या तसा पाठ केलाय, आणि तो तिला दिलाय माझ्या मोठ्या मामांनी, "शास्त्रीय आहे, बिनधास्त बोल" असं सांगून. आता गप्प बसवत नाही.

मेसेज थोडक्यात असा: शंभरीपुढची झाडं कार्बन घेत नाहीत, उलट सोडतात. म्हातारी जंगलं पाणी पिऊन टाकतात म्हणून ओढे आटतात. पडलेली लाकडं म्हणजे कुजका कचरा, उचलून साफ करा. आणि शेवटी ठळक अक्षरात, जुनं जंगल तोडून तरणी झाडं लावा, हवेतला कार्बन झपाट्याने कमी होईल.

शेवटचं आधी घेते, कारण बाकीचं नुसतं चुकीचं आहे, हे घातक आहे.

मामा, झाडं वर्षाला किती कार्बन घेतात आणि जंगलात एकूण किती साठलाय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुमच्या मेसेजने त्यांची सरळ गल्लत केलीये. जुन्या जंगलात खोडांत, मुळांत, आडव्या पडलेल्या ओंडक्यांत, पाचोळ्यात, मातीत शेकडो वर्षांचा कार्बन आहे. ते तोडलं की सगळं काही घरांच्या तुळयांमध्ये जात नाही, फांद्या, साल, मुळं जागेवर कुजतात नाहीतर जाळली जातात, बराच भाग भुसा आणि कागद होऊन जातो आणि त्यातला बराचसा कार्बन थोड्या वर्षांत हवेत. मग नवीन रोपं कितीही भराभर वाढू देत, ती आधी हीच तूट भरत बसतात. मार्क हार्मन, विल्यम फेरेल आणि जेरी फ्रँकलिन या शास्त्रज्ञांनी १९९० साली 'सायन्स' या नियतकालिकात नेमका हाच हिशोब मांडला, म्हणजे हा दावा तेव्हाही फिरत होता आणि त्याला उत्तर देऊन तीस वर्षं उलटून गेली. अमेरिकेच्या वायव्य भागातल्या डग्लस फर या उंच सूचिपर्णी झाडांच्या जंगलांचं गणित करून त्यांनी दाखवलं की जुन्याच्या जागी लावलेलं जंगल किमान २०० वर्षं जुन्याच्या साठ्याच्या जवळपासही पोचत नाही. लाकडी घरांत अडकलेला कार्बन धरला तरी तोडीचा हिशोब हवेत कार्बन वाढण्याकडेच जातो. तिथल्या ऑरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांच्या पश्चिम भागात शंभर वर्षांत ५० लाख हेक्टर जुनं जंगल असं बदललं गेलं, आणि त्यातून त्यांच्या हिशोबाने १५० ते १८० कोटी टन कार्बन हवेत गेला. हे सगळं "पृथ्वी वाचवा" म्हणून सांगायचं?

आता "शंभरीपुढचं झाड कार्बन घेत नाही". कागद घ्या. एक खोड १० सेंटीमीटर जाड, दुसरं १ मीटर. दोघांवर या वर्षी अर्धा सेंटीमीटर जाडीचं कडं चढलं. बारक्या खोडाच्या कापात वाढले साधारण साडेसोळा चौरस सेंटीमीटर, जाड्याच्या कापात जवळजवळ १५८. साडेनऊ पट, आणि जाडं खोड उंचही असतं ते अजून धरलंच नाहीये. २०१४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात ४०३ जातींच्या पावणेसात लाख झाडांच्या मोजमापांवरून हेच आलंय, बहुतेक जातींत झाड जितकं मोठं तितकी त्याची वर्षाची वाढ जास्त.

हां, एक गोष्ट मान्य करावी लागेल. एकेक झाड न बघता अख्खं हेक्टर बघितलं तर कार्बन घेण्याचा वेग मधल्या वयात जास्त असतो आणि पुढे मंदावतो, कारण काही झाडं मरतात आणि कुजतात. २००८ च्या एका मोठ्या अभ्यासाने सांगितलं की ८०० वर्षांपर्यंतची जंगलंही बहुतेक करून कार्बन घेतच असतात, त्यावर २०२१ मध्ये आक्षेप आला की ती किती कार्बन घेतात याचा आकडा फुगलेला आहे. वाद खरा आहे, पण तो किती घेतात यावर आहे. त्यातून "तोडा" कुठून निघालं? साठा तर तिथेच आहे ना.

पाण्याचं तर बरोबर उलटं आहे. झाडं तोडल्यावर पहिली काही वर्षं ओढ्याला पाणी वाढतं, पाणी ओढणारं कोणी उरलेलं नसतं म्हणून, आणि तेवढंच बघून हा मेसेज लिहिलेला दिसतो. पुढचं बघा. ऑस्ट्रेलियात १९३९ च्या वणव्यात मेलबर्नला पाणी पुरवणाऱ्या डोंगरांवरची माउंटन अ‍ॅश या उंच निलगिरीच्या जातीची जंगलं जळाली, त्यांच्या जागी दाट तरणं जंगल उठलं, आणि ते २०-३० वर्षांचं होईपर्यंत तिथून येणारं पाणी जवळपास निम्म्यापर्यंत घटलं. ते पूर्ववत व्हायला शंभरहून जास्त वर्षं लागतात असं निघालं. ऑरेगनमध्येही तेच, २०१७ च्या एका अभ्यासात ३४ ते ४३ वर्षांच्या लागवडीखालच्या ओढ्यांना उन्हाळ्यात १५० ते ५०० वर्षांच्या जंगलातल्या ओढ्यांच्या निम्मंच पाणी होतं. तरण्या झाडांत पाणी वाहून नेणारं ओलं लाकूड जास्त असतं आणि पानोळा दाट असतो, हवा कोरडी पडली तरी ती ओढत राहतात.

राहिला "कुजका कचरा". भुसभुशीत झालेल्या जुन्या ओंडक्यात बोटं खुपसा, लाकूड स्पंजसारखं दबतं आणि मूठ आवळली की भर उन्हाळ्यातही बोटांमधून पाणी गळतं. असा ओंडका स्वतःच्या कोरड्या वजनाच्या दुपटीहून जास्त पाणी धरू शकतो, म्हणून तर त्याच्या पाठीवर रोपटी रांगेने उगवलेली दिसतात. याच हार्मननी १९८५ मध्ये ऑरेगनच्या अँड्रूज प्रायोगिक जंगलात ५०० च्या वर ओंडके मांडून ठेवलेत, ते कसे कुजतात हे २०० वर्षं बघायचं म्हणून. कचऱ्यासाठी कोणी एवढं करत नाही.

भाचीने हे सगळं ऐकून विचारलं, "मग नवीन झाडं लावायचीच नाहीत का?" लावायची, बाळा. उजाड जमिनीवर, जिथे आधीच जंगल गेलंय तिथे हवी तेवढी लावायची, फक्त त्यासाठी जुनं उभं जंगल आडवं करायचं नाही. भाषण शनिवारी आहे, आज रात्री बसून आम्ही दोघी ते नव्याने लिहितोय, आणि सुरुवात तिने ओंडक्यापासूनच करायची ठरवलीये.