उह्टकेअर: अंथरुणात पडलेले दुसरेच होते

पहाटे चारला जाग येते आणि मग डोक्यात हप्ते, साहेब, पोरांची फी. असल्या लोकांसाठी एक फॉरवर्ड फिरतोय: ‘हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत याला रोजच्या वापरातला शब्द होता, उह्टकेअर. म्हणजे उजाडायच्या आधी अंथरुणात पडल्या पडल्या काळजी करणे.’ मला तो चार ग्रुपांवर आला. वाचायला गोड आहे, पण त्यात पदरचं बरंच आहे.

‘रोजच्या वापरातला’ कशावरून? जुन्या इंग्रजीचं जेवढं लिखाण उरलंय त्यात हा शब्द एकदाच सापडतो. इंग्लंडमधल्या एक्झेटरच्या, दहाव्या शतकातल्या हस्तलिखितात ५३ ओळींची एक कविता आहे, तिला आता ‘द वाइफ्स लॅमेंट’ (बायकोचा विलाप) म्हणतात. तिच्या सातव्या ओळीत.

उच्चारही चुकलाय. मधला ‘ह’ घशातून खरखरत येतो, जवळपास ‘ख’सारखा, आणि पुढे ‘क’ नाही, ‘च’ आहे. स्पेलिंगमधला (uhtceare) शेवटचा ‘ए’ तर विभक्तीचा. कोशात शब्द ‘उ’कारान्त सापडेल. ‘घराला’ हाच मूळ शब्द समजावा, तसं झालं हे.

शब्दाचा पहिला भाग ‘उख्त’, म्हणजे रात्रीचा शेवटचा प्रहर, एवढं मात्र बरोबर. मठातल्या त्या वेळच्या प्रार्थनेला ‘उख्तसांग’ म्हणत. आपल्याकडे काकड्याची वेळ. ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी महाकाव्यातल्या ड्रॅगनलाही ‘उख्तात उडणारा’ म्हटलंय.

आता ते अंथरूण. कवितेत बोलणारी बाई आहे. मराठीत ‘मी जाते’वरून कळतं तसं तिथे शब्दांच्या स्त्रीलिंगी प्रत्ययांवरून कळतं. नवरा समुद्रापार गेला. तो कुठल्या मुलखात असेल, हा तिचा पहाटेचा घोर. त्यासाठी ती पडून राहिल्याचा त्या ओळीत उल्लेखच नाही. पुढे तिला रानात, ओकच्या झाडाखालच्या जमिनीतल्या गुहेत राहायला लावलं जातं. आणि अंथरूण येतं ते तिथे, ३३व्या ओळीनंतर: जगात प्रेमाची माणसं आपापल्या अंथरुणात आहेत, आणि मी उख्ताला एकटी या ओकखाली, या गुहांमधून फिरते आहे.

म्हणजे पडलेले दुसरेच. ही चालते आहे.

आणि हा घोर हप्त्यांसारखा उजाडल्यावर, चहा झाल्यावर हलका होणाराही नाही. पुढच्याच ओळीत उन्हाळ्याचा लांबलचक दिवस आहे, आणि ती तिथेच बसून रडते आहे.