‘कॅरिअरवर सोलर पॉवर बँक बांधा आणि निर्धास्त निघा’: या सल्ल्यात काय काय चुकतं

लांब पल्ल्याच्या सायकल सफरीची तयारी कोणी सुरू केली की एक सल्ला त्याच्यापर्यंत पोचतोच. तो साधारण असा असतो: ‘पाठीवर सोलर पॅनल असलेली २०,००० एमएएचची पॉवर बँक घे आणि कॅरिअरवर बांध. सायकल चालते तोवर ती उन्हात भरत राहते, रात्री फोन आणि दिवे तिच्यावर लाव. वेगळं पॅनल घ्यायचंच असेल तर जास्तीत जास्त वॉटचं घे, फोन थेट त्यालाच जोड, ढग असले तरी चालतं.’ ऐकायला सोपा आणि खिशाला परवडणारा, म्हणून हा सल्ला फिरत राहतो. पण त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि त्या चुका कळतात त्या अंधार पडल्यावर, वस्ती लांब असताना, मागचा दिवा मंद होत गेल्यावर. ज्याच्या भरवशावर आपण रस्ता शोधतो आणि मागून येणाऱ्या गाडीला दिसतो, त्या विजेचा हिशेब असा मोघम सोडून चालत नाही.

पहिलं वाक्य, पॅनल चिकटवलेल्या पॉवर बँकेचं. २०,००० एमएएच हा आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवर मोजलेला असतो. एमएएच म्हणजे मिलिअँपिअर-तास, म्हणजे हे २० अँपिअर-तास. त्याला ३.७ ने गुणलं की ७४ वॉट-तास येतात (एक वॉटचं उपकरण तासभर चाललं की एक वॉट-तास खर्च होतो). भरायची वीज एवढी. आता भरणाऱ्या पॅनलकडे पाहा. साधारण १५ सेंटिमीटर लांब आणि ८ सेंटिमीटर रुंद, म्हणजे १२० चौरस सेंटिमीटर. डोक्यावरच्या कडक उन्हात एका चौरस मीटरवर सुमारे १००० वॉट ऊर्जा पडते. त्या हिशेबाने या तुकड्यावर १२ वॉट पडतात, आणि चांगला सिलिकॉन सेल त्यातले २२ टक्क्यांच्या आसपास विजेत बदलतो. म्हणजे आदर्श स्थितीतही अडीच वॉट. कडेची चौकट, तापलेला सेल आणि चार्जिंगमधली गळती धरली की हातात येतो एक ते दीड वॉट. दीड वॉटने ७४ वॉट-तास भरायला जवळपास ५० तासांचं सरळ, कडक ऊन लागतं. दिवसाला असं ऊन पाच तास मिळालं तरी दहा दिवस गेले. या वस्तूला पॉवर बँक म्हणून घ्या, हरकत नाही, पण तिच्या पाठीवरचं पॅनल हिशेबात धरू नका.

त्यात भर म्हणजे ती दिवसभर उन्हात ठेवायची. लिथियम-आयन सेल ४५ अंश सेल्सिअसच्या वर चार्ज करू नयेत, असं त्यांच्या बहुतेक माहितीपत्रकांत लिहिलेलं असतं. काळं प्लास्टिकचं कवच भर उन्हात या मर्यादेपलीकडे सहज जातं. आतलं संरक्षण चांगलं असेल तर चार्जिंग बंद पडतं. नसेल तर सेलचं आयुष्य घटतं, आणि फुगलेली पॉवर बँक सामानात घेऊन फिरणं धोक्याचं आहे. ज्या वस्तूला सावली हवी तिलाच उन्हात बांधायचं, ही या रचनेतली मूळ चूक. पॅनल उन्हात आणि बॅटरी सावलीत, म्हणून दोन्ही वेगवेगळी हवीत.

‘सायकल चालते तोवर भरत राहते’ हे वाक्य मला सगळ्यांत घातक वाटतं, कारण ते अगदी पटण्यासारखं आहे. वेगळं, मोठं, घडीचं पॅनल कॅरिअरवर पसरलं तरी ते तिथे आडवं असतं. सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर असताना, म्हणजे सकाळी आणि उतरत्या दुपारी, आडव्या पॅनलवर सरळ धरलेल्या पॅनलच्या निम्मंच ऊन पडतं. रस्ता वळला, झाडांची रांग आली, आपल्याच पाठीची सावली मागे पडली, की त्यातूनही जातं. आणि ही सावली जेवढी दिसते तेवढ्यापुरती नुकसान करत नाही. पॅनलच्या एका पानावरचे सेल सहसा एकामागोमाग एक, मालिकेत जोडलेले असतात. बागेला पाणी देणाऱ्या नळीवर एका जागी पाय ठेवला की पुढचं सगळं पाणी अडतं, तसा एक सेल झाकला की त्या पानाचा प्रवाह अडतो.

हे डोळ्यांनी बघता येतं. पॅनल आणि पॉवर बँक यांच्यामध्ये वाहणारी वीज मोजणारा छोटा यूएसबी मीटर लावा, पॅनल सूर्यासमोर धरा आणि आकडा स्थिर होऊ द्या. मग एका सेलवर फक्त तळहात धरा. झाकलेला भाग पॅनलच्या दहाव्या हिश्शाएवढाही नसतो, पण अँपिअरचा आकडा त्यापेक्षा कितीतरी जास्त कोसळतो. आता तळहाताच्या जागी सामान बांधायचा बंजीचा लवचिक पट्टा, वाळत घातलेला मोजा किंवा सीटची सावली आहे असं समजा. कॅरिअरवर हेच दिवसभर चालू असतं.

म्हणून सोलरचा खरा उपयोग थांब्यावर होतो. दुपारच्या जेवणाला दोन तास थांबलात, पॅनल सूर्याकडे तोंड करून तिरकं टेकवलं आणि दर अर्ध्या तासाने सरकवलं, तर २० वॉटचं चांगलं पॅनल त्या वेळात २० ते २५ वॉट-तास देऊ शकतं. ५,००० एमएएचच्या फोनची बॅटरी सुमारे १९ वॉट-तासांची असते, आणि वाटेतली गळती धरूनही तिचा बराचसा भाग भरायला एवढं ऊन पुरतं. दिवसभर सायकलवर पसरून ठेवलेल्या पॅनलपेक्षा हे दोन तास कितीतरी भरवशाचे. ज्यांना दुपारी थांबायचंच नाही, पहाटे निघून संध्याकाळपर्यंत पेडल मारायचंय, त्यांनी पॅनल घेण्याआधी दोनदा विचार करावा.

आता ‘जास्तीत जास्त वॉटचं घे’. वेष्टनावरचा वॉटचा आकडा प्रयोगशाळेतला असतो: चौरस मीटरला १००० वॉट प्रकाश आणि सेलचं तापमान २५ अंश. उन्हात ठेवलेला गडद सेल ६० अंशांपर्यंत सहज तापतो, आणि सिलिकॉनच्या बाबतीत दर अंशामागे साधारण ०.४ टक्के वीज कमी होते. इथेच १४ टक्के गेले. व्होल्टेज बदलणाऱ्या सर्किटमध्ये आणखी जातात. म्हणून प्रामाणिक २० वॉटच्या पॅनलकडून चांगल्या उन्हात १२ ते १४ वॉटची अपेक्षा ठेवावी. अप्रामाणिक आकडे ओळखायला एक हिशेब पुरतो: फक्त सेलचा गडद भाग मोजा, चौरस सेंटिमीटरमध्ये क्षेत्रफळ काढा आणि ४५ ने भागा. येईल तो वॉटचा जवळपास कमाल आकडा. ९०० चौरस सेंटिमीटरला २० वॉट. एवढ्याच आकाराच्या पॅनलवर ६० लिहिलेलं असेल तर ते तिथेच ठेवून द्या.

खरोखर मोठं पॅनल घेतलं तरी दुसरी अडचण उरतेच. साध्या ५ व्होल्टच्या यूएसबी पोर्टमधून २.४ ते ३ अँपिअर, म्हणजे १२ ते १५ वॉटच बाहेर पडतात, आणि बऱ्याच पॉवर बँका ५ व्होल्टवर जेमतेम १० वॉट आत घेतात. पॅनल ४० वॉटचं आहे म्हणून ती पॉवर बँक दुप्पट वेगाने भरणार नाही. वाढेल ते वजन. सायकलवर एकट्यासाठी १५ ते २५ वॉटच्या पलीकडे जाण्यात मला अर्थ दिसत नाही. पॅनल निवडताना पॉवर बँकेचा इनपुट आधी वाचा.

‘फोन थेट जोड’ हेही टाळावं. ढग सरकला की वीज पडते, कनेक्शन तुटतं, पुन्हा जुळतं. दर वेळी स्क्रीन उजळते आणि आलेली वीज तिथेच खर्च होते. काही वेळा ऊन परत आलं तरी चार्जिंग खालच्याच प्रवाहावर अडकून राहतं. ऊन परतल्यावर आपोआप पुन्हा सुरू होणारं सर्किट असलेलं पॅनल म्हणूनच बघून घ्यावं. शिवाय उन्हात तापलेला फोन स्वतःच चार्जिंग कमी करतो. दिवसा पॅनलने पॉवर बँक भरावी आणि रात्री पॉवर बँकेने बाकी सगळं.

ढगांचं थोडक्यात: दाट ढगाळ दिवशी उत्पादन १० ते २५ टक्क्यांवर येतं. २० वॉटच्या पॅनलचे दोन-चार वॉट उरतात, आणि इतक्या कमी प्रवाहावर काही पॉवर बँका चार्जिंग सुरूच करत नाहीत.

या सल्ल्यात एक प्रश्न विचारलेलाच नसतो: सोलर लागतं का? नकाशा दाखवणारा फोन, दोन दिवे आणि सायकल कॉम्प्युटर मिळून दिवसाला २० ते २५ वॉट-तास धरू. २०,००० एमएएचच्या साध्या पॉवर बँकेतून गळती वजा जाता ६० वॉट-तासांच्या वर मिळतात, म्हणजे तीन दिवस जवळपास निघतात. तिचं वजन ३५० ते ४०० ग्रॅम, २० वॉटच्या बऱ्याच पॅनलपेक्षा कमी. दर दोन-तीन रात्रींनी प्लग मिळणार असेल तर पॅनल घरी ठेवा. प्लगशिवाय चार-पाच दिवस, मोकळं आकाश आणि दुपारचा लांब थांबा, असं असेल तर पॅनल खरोखर कामाचं. सपाट रस्त्यावर रोज पाच-सहा तास वेगात चालवणाऱ्यांनी डायनॅमो हब, म्हणजे चाकाच्या मध्यात बसणारा आणि चाक फिरताना वीज तयार करणारा हब, बघावा. तो १५ किलोमीटर वेगाला सुमारे ३ वॉट देतो, ढगात आणि रात्रीही. चढावर रखडत गेलात तर मात्र त्याच्याकडून फारसं काही मिळत नाही.

घेतलंच पॅनल, तर वरचं आवरण ईटीएफईचं बघा. ईटीएफई आणि पीईटी ही पॅनलवर चढवायची दोन प्लास्टिकं, त्यातलं ईटीएफई जास्त टिकतं. ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द बहुधा पानांपुरता असतो, यूएसबीची डबी त्यात येत नाही, म्हणून पावसात ती आधी झाका. केबल आखूड आणि जाड घ्या, कारण लांब बारीक केबलमध्ये व्होल्टेज पडतं. आणि निघायच्या आधी, परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी, स्वच्छ दुपारी रिकामी पॉवर बँक आणि मीटर लावून पॅनल एक तास उन्हात ठेवा. २० वॉटच्या पॅनलवर मीटरने १० वॉट-तासही दाखवले नाहीत, तर आधी दुसरी केबल आणि दुसरी पॉवर बँक लावून बघा. तरीही आकडा हलला नाही, तर पॅनल परत पाठवा.