‘आधी निर्दोष सुटा’ हा सल्ला दावा बुडवणारा आहे

गेल्या काही आठवड्यांत एकच मजकूर माझ्याकडे मुंबईतल्या चार व्हॉट्सॲप गटांतून आला. त्यांपैकी दोन गट वकिलांचे आहेत, ही खेदाची बाब. मजकूर थोडक्यात असा: ‘पोलिसांनी चुकीची अटक केली तरी त्यांच्यावर दिवाणी दावा लावता येत नाही, कारण त्याला सरकारची मंजुरी लागते. लावलाच तर सरकार सार्वभौम असल्यामुळे एक पैसाही मिळत नाही. म्हणून आधी खटल्यातून निर्दोष सुटा, भरपाईचे नंतर बघू.’ यातले पहिले विधान चूक आहे आणि दुसरे अर्धेच खरे आहे. तिसरे ऐकायला सर्वांत समंजस वाटते, पण माणसाचे सर्वाधिक नुकसान तेच करते.

मंजुरीचा मुद्दा लवकर निकालात निघतो. कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल अधिकाऱ्यावर फौजदारी खटला चालवायचा असेल, तर सरकारची मंजुरी लागते. ही तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९७ मध्ये होती आणि आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ मध्ये आहे. नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्याशी तिचा संबंध नाही. तिथे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, आणि तातडी असेल तर न्यायालयाच्या परवानगीने तिच्याशिवायही दावा दाखल करता येतो. मंजुरी सरकारने द्यायची असते, नोटीस आपण द्यायची असते. एवढा फरक ध्यानात ठेवला तरी पुरे.

सार्वभौमत्वाचा मुद्दा मात्र हवेतून आलेला नाही. १९४७ साली मेरठमध्ये पोलिसांनी एका सराफाला संशयावरून पकडले आणि त्याच्याजवळचे सोने-चांदी जप्त करून मालखान्यात ठेवले; ते सोने तिथल्या हेड कॉन्स्टेबलने लाटले आणि तो पाकिस्तानात पळून गेला. सराफाने उत्तर प्रदेश सरकारवर दावा लावला. अटक आणि जप्ती ही सार्वभौम, म्हणजे केवळ राज्यसत्तेनेच करायची कार्ये आहेत, म्हणून त्यांतील निष्काळजीपणाबद्दल सरकार भरपाई देणे लागत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये दिला. तो ‘कस्तुरीलाल’ निकाल पुढच्या निकालांनी बराच आकुंचित केला असला, तरी सरकारी वकिलांच्या कैफियतीत (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात) त्याचा उल्लेख आजही हमखास सापडतो.

फॉरवर्ड लिहिणाऱ्याने याच्या पुढचा इतिहास वाचलेला दिसत नाही. १९६८ मध्ये निर्दोष सुटूनही बिहारच्या तुरुंगात आणखी १४ वर्षे खितपत पडलेल्या रुदुल साहला सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये भरपाई दिली, आणि त्यापलीकडे दिवाणी दावा लावण्याचा त्याचा हक्क शाबूत ठेवला. १९९३ च्या नीलाबती बेहेरा प्रकरणात तर न्यायालयाने स्पष्टच म्हटले, की मूलभूत हक्कांच्या भंगाबद्दल घटनात्मक न्यायालयाकडे, म्हणजे उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाकडे, भरपाई मागितली असता सार्वभौमत्वाचा बचाव चालत नाही. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना १९९४ च्या अटकेबद्दल २०१८ मध्ये ५० लाख रुपये द्यायला लावले गेले. मुंबई उच्च न्यायालयानेही २०१२ मध्ये शहरातल्या एका महिलेला बेकायदा ताब्यात ठेवल्याबद्दल अडीच लाख रुपये मंजूर केले. म्हणजे दार बंद नाही. ते उच्च न्यायालयाच्या रिटमध्ये (हक्कभंगाबद्दल थेट तिथे केलेल्या याचिकेत) अधिक उघडे आहे आणि दिवाणी दाव्यात कमी. शिवाय सरकार सुटले तरी ज्याने अटक केली तो अधिकारी व्यक्तिशः सुटतोच असे नाही.

आता तिसरे विधान. अटक बेकायदा होती की नाही, हे अटकेच्या दिवशीच्या कागदांवरून ठरते. खटल्याच्या निकालावरून नाही. कारणे सांगितली होती का, २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले का, सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असेल तर आधी हजर राहण्याची नोटीस का दिली नाही, असे हे प्रश्न असतात. दोषी ठरलेल्या माणसाची अटकही बेकायदा असू शकते आणि निर्दोष सुटलेल्याची अटक कायदेशीर असू शकते. अक्षरधाम हल्ल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच २०१४ मध्ये निर्दोष सोडलेल्या माणसांनी भरपाई मागितली, तेव्हा २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने ती मागणी ऐकण्यास नकार दिला. निर्दोष सुटणे म्हणजे भरपाईचा धनादेश नव्हे.

निकालाची वाट पाहावी लागते ती द्वेषबुद्धीने खटला भरल्याबद्दलच्या दाव्यात. पण तो वेगळा दावा आहे आणि अवघडही. बेकायदा कैदेच्या दाव्यात ताब्यात ठेवल्याचे दाखवले की ते कायदेशीर होते हे सिद्ध करणे पोलिसांवर येते. द्वेषबुद्धीच्या दाव्यात पोलिसांकडे वाजवी कारण नव्हते आणि मनात आकस होता, हे वादीला सिद्ध करावे लागते. थांबणारा माणूस सोपा दावा गमावून अवघड दाव्यापाशी येऊन पोहोचतो.

आणि तो कसा गमावतो? मुदत कायद्यानुसार बेकायदा कैदेच्या दाव्याला कैद संपल्यापासून एक वर्ष मिळते. महाराष्ट्रात त्याहून कडक कलम आहे: महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चे कलम १६१. कर्तव्याच्या आवरणाखाली, म्हणजे अधिकार बजावत असल्याच्या नावाखाली, केलेल्या कृत्याबद्दलचा दावा कृत्याच्या तारखेपासून सहा महिन्यांत लावला नाही तर तो फेटाळला जातो, शिवाय संबंधित पोलिसाला किमान महिनाभराची नोटीसही द्यावी लागते. कबुलीसाठी केलेली मारहाण या आवरणाखाली येत नाही, म्हणून तिला ही मुदत लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या दशकातच महाराष्ट्रातल्या प्रकरणात म्हटले आहे, पण आपले प्रकरण त्यात बसते का यावर वर्षानुवर्षे भांडण्यापेक्षा सहा महिने पाळणे बरे. आपल्याकडे फौजदारी खटला किती चालतो, हे किल्ला कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्या कोणालाही विचारावे.

पुरावाही थांबत नाही. पोलीस ठाण्यातले सीसीटीव्ही चित्रण १८ महिने, आणि ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष जपावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० चा आदेश आहे. त्यानंतर ते मागून उपयोग नाही. कागदाचे महत्त्व मी एकदा जवळून पाहिले. एका अशिलाच्या अटक पंचनाम्यावर वेळ होती रात्री ११ वाजून १० मिनिटे. त्याच दिवशीच्या सरकारी रुग्णालयातल्या तपासणीच्या कागदावर, डॉक्टरांच्या गिचमिड अक्षरात, ‘पोलिसांनी आणले’ आणि संध्याकाळचे ६ वाजून ४० मिनिटे. साडेचार तास हा माणूस कोणाच्या ताब्यात होता, याचे उत्तर पोलीस ठाण्याची स्टेशन डायरी आणि कॅमेरा यांतच मिळाले असते.

तो माझ्याकडे आला निर्दोष सुटल्यावर, अटकेनंतर चार वर्षांनी, निकालाची प्रमाणित प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून घेऊन. एका शेजाऱ्याने ‘आधी सुटून घे’ म्हणून सांगितले होते, असे तो म्हणाला. अटकेच्या दाव्याची मुदत संपून तेव्हा साडेतीन वर्षे झाली होती. रिटला अशी ठरावीक मुदत नसते, पण उशिराचे समाधानकारक कारण द्यावे लागते, आणि शेजाऱ्याचा सल्ला हे कारण म्हणून मांडण्याचे धाडस मला झाले नाही.